उन्हाळी टोमॅटोची फूलगळ आणि एचएसएफ जनुकांचं कुटुंब

प्रश्न एम.एस्सी. कृषीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. घरी जुन्नर तालुक्यात उन्हाळी टोमॅटो असतो आणि एप्रिल-मेच्या कडाक्यात फूलगळ ठरलेली. त्यांच्या वाचनात आलं, की टोमॅटोत हीट शॉक फॅक्टर, थोडक्यात एचएसएफ, नावाचं जनुकांचं एक कुटुंब आहे आणि ते झाडाला उष्णतेचा, पाण्याचा, थंडीचा ताण सोसायला मदत करतं. त्यांनी दोन गोष्टी विचारल्या आहेत. हे कुटुंब नेमकं करतं काय? आणि त्यातलं एखादं जनुक जोरात चालवलं तर फूलगळ थांबेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते छोटं आहे. एकच जनुक जोरात चालवून फूलगळ थांबणार नाही. भाजीपाला पिकांच्या पैदाशीत माझी बरीच वर्षं गेली आहेत. उष्णतेला टिकतं म्हणून निवडलेलं झाड मे महिन्यात हिरवंगार उभं असतं आणि एकही फळ धरत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पान वाचवणं आणि परागकण वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एचएसएफ कुटुंबाकडेच आहेत, पण त्यातलं कोण, कधी आणि झाडाच्या कुठल्या भागात जागं होतं, यावर सगळं अवलंबून आहे. आता सविस्तर.

आधी पेशीत काय बिघडतं ते पाहू. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती ठरावीक घडीत दुमडली गेली तरच कामाची. तापमान चढलं की घडी सैल पडते, आत दडलेला पाणी टाळणारा भाग उघडा पडतो आणि अशी उसवलेली प्रथिनं एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात. अंडं उकडल्यावर पांढरा भाग घट्ट होतो, तेच हे. अंड्यात ते परत फिरत नाही. जिवंत पेशीला मात्र सावरायला वाव असतो, कारण तिच्याकडे हीट शॉक प्रोटीन, म्हणजे एचएसपी, असतात. लहान आकाराच्या एचएसपी उसवलेल्या प्रथिनाला धरून ठेवतात, त्याचा गोळा होऊ देत नाहीत. एचएसपी-७० त्याला पुन्हा घडीत बसवतं. एचएसपी-१०१ आधीच झालेला गोळा सोडवतं.

एचएसएफ यातलं काहीच स्वतः करत नाहीत. एचएसपींची जनुकं कधी वाचायची आणि किती वाचायची, हे ते ठरवतात. परीक्षेत नेहमी घोळ होतो तो इथेच: एचएसपी कामगार आहेत, एचएसएफ हुकूम देणारे. एचएसपी जनुकांच्या सुरुवातीच्या भागात डीएनएचा एक ठरावीक क्रम असतो: जीएए, मग कुठलीही दोन अक्षरं, मग टीटीसी, आणि याचीच पुढे आवर्तनं. तीन एचएसएफ एकत्र येऊन तिकडी झाली की ती या क्रमावर घट्ट बसते आणि जनुक वाचलं जाऊ लागतं.

या सगळ्याचा शोध लागला तो माशीत. १९६२ साली इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतली गुणसूत्रं पाहत होते. माश्या नेहमीपेक्षा गरम तापमानात ठेवल्या गेल्या, तर गुणसूत्रांवर एरवी नसलेले फुगवटे दिसू लागले. फुगवटा म्हणजे तिथलं जनुक जोरात वाचलं जातंय. त्या जनुकांपासून बनणारी प्रथिनं १९७४ मध्ये ओळखली गेली. वनस्पतींच्या बाबतीत मात्र मान टोमॅटोचा आहे. लुट्झ नोवर, क्लाउस-डीटर शार्फ आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये टोमॅटोच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून, उष्णता दिल्यावर त्यांत लहान एचएसपींचे दाणे तयार होतात हे दाखवलं. १९९० मध्ये त्यांच्याच गटाने टोमॅटोतली तीन एचएसएफ जनुकं वेगळी केली. वनस्पतींमध्ये मिळालेली ही पहिलीच एचएसएफ जनुकं. पुढे जर्मनीत फ्रँकफर्टच्या विद्यापीठात हे काम अनेक वर्षं चाललं, आणि आज टोमॅटोच्या एचएसएफबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्यातलं बरंचसं तिथूनच आलेलं आहे. तुम्ही प्रबंधासाठी वाचायला घ्याल तेव्हा ही नावं सतत भेटतील.

यीस्टमध्ये एचएसएफ एकच. फळमाशीतही एकच. अरॅबिडॉप्सिस या मोहरीकुळातल्या, प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपात २१, भातात २५, आणि टोमॅटोतही दोन डझनांच्या आसपास. माशी उन्हातून उडून सावलीला जाते. झाडाला जाता येत नाही. मूळ ओलाव्यात, पान उन्हात, कळी पानाआड, फळ वेगळ्याच अवस्थेत, आणि प्रत्येकाला वेगळा ताण. एवढ्या परिस्थितींना एकच हुकूमदार पुरा पडणार नाही, म्हणून उत्क्रांतीत जनुकाच्या प्रती वाढत गेल्या आणि त्यांनी कामं वाटून घेतली, असा याचा अर्थ मी लावतो.

या कुटुंबाचे ए, बी आणि सी असे तीन वर्ग पाडतात. ए वर्गातल्यांच्या शेवटच्या टोकाला जनुक चालू करणारा तुकडा असतो. बी वर्गातल्यांकडे तो नसतो, उलट त्यांतल्या बहुतेकांकडे जनुक दाबणारा छोटा तुकडा असतो. सी वर्गाकडे आपल्या प्रश्नासाठी फार पाहायची गरज नाही.

टोमॅटोत तीन नावं पाठ असू द्या: ए१ए, ए२ आणि बी१.

ए१ए पेशीत कायम हजर असतं, थंडीतसुद्धा. पण एचएसपी-७० आणि एचएसपी-९० त्याला धरून ठेवतात, त्यामुळे ते गप्प असतं. उष्णता वाढली, उसवलेल्या प्रथिनांची गर्दी झाली, की एचएसपी तिकडे धावतात. ए१ए मोकळं होतं, त्याची तिकडी बनते, ती केंद्रकात शिरते आणि पहिल्या काही मिनिटांतच एचएसपींची जनुकं चालू करते. थोडक्यात, या कामासाठी वेगळा थर्मामीटर लागत नाही. एचएसपी किती अडकल्या आहेत, यावरूनच पेशी ताणाचा अंदाज घेते. पुरेशा एचएसपी तयार झाल्या की त्यांतल्या काही पुन्हा ए१एला धरतात आणि हुकूम थांबतो. मला या कुटुंबातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

ए१ए किती महत्त्वाचं, हे २००२ साली स्पष्ट झालं. फ्रँकफर्टच्या गटाने टोमॅटोची दोन प्रकारची झाडं तयार केली. एकात ए१ए दहापट वाढवलेलं, दुसऱ्यात जवळजवळ बंद पाडलेलं. नेहमीच्या तापमानात दोन्ही झाडं साध्या झाडासारखीच वाढली. उष्णता दिल्यावर मात्र ए१ए बंद असलेली झाडं आणि त्यांची फळंही कोलमडली, कारण एचएसपी तयारच होईनात. बाकी सगळं कुटुंब जागेवर होतं, तरी ए१एची जागा कुणी घेऊ शकलं नाही. अरॅबिडॉप्सिसमध्ये हेच काम ए१ गटातले भाऊबंद वाटून घेतात, एक गेला तर दुसरा सांभाळतो. टोमॅटोतही ए१ गटात चार जण आहेत, पण भार मुख्यतः ए१एवरच पडतो. म्हणून अरॅबिडॉप्सिसमधला निष्कर्ष उचलून टोमॅटोला लावताना सांभाळा. प्रबंधांमध्ये ही गफलत फार दिसते.

ए२ एरवी पानांत जवळजवळ नसतंच. ए१एने हुकूम दिला की ते तयार होऊ लागतं आणि ताण लांबला तर साठत जातं. एकटं ते केंद्रकात टिकत नाही, पुन्हा बाहेर ढकललं जातं. ए१एशी जोडी जमली की आत राहतं, आणि ही जोडी एकट्या ए१एपेक्षा कितीतरी जोराने जनुकं चालवते. मघाशी सांगितलेल्या लहान एचएसपींच्या दाण्यांत ए२ साठवूनही ठेवलं जातं. एकदा उष्णता सोसलेलं रोप दुसऱ्यांदा जास्त तापमान पचवतं, त्यामागे ए२चा मोठा हात आहे.

बी१ हे दुतोंडी आहे. ताणात ए१एबरोबर जनुकं चालवायला मदत करतं, आणि इतर वेळी काही जनुकं दाबून धरतं. त्यावरचे प्रयोग तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी थेट भिडतात. बी१ कमी केलं तरी टोमॅटोची रोपं उष्णतेला जास्त टिकली, आणि वाढवलं तरीही जास्त टिकली. दोन्हींमागची कारणं वेगळी. पण वाढवलेल्या झाडांची वाढ आणि विकास मात्र बिघडला. रोपं जगली म्हणून आनंद मानला असता, तर ती शेतात लावायच्या लायकीची नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

अलीकडे, २०२२ मध्ये, ए७चं काम पुढे आलं. तापमान थोडंसं वाढलं की ए१ए ए७ला जागं करतं आणि ए७ ए१एशी जोडून त्याला फार काळ टिकू देत नाही. म्हणजे साध्या दुपारच्या उन्हात झाड उगाच सगळी ताकद खर्च करत नाही. ताण खरंच तीव्र झाला किंवा लांबला, की हेच ए७ ए१एच्या बाजूने काम करू लागतं. एकच प्रथिन, सौम्य उन्हात लगाम आणि कडक उन्हात जोर. अशा व्यवस्थेत तुम्ही एक जनुक कायमचं जोरात चालवलंत, तर हा सगळा तोल मोडतो.

तोल मोडल्याची टोमॅटोतली सर्वांत बोलकी गोष्ट दुसऱ्याच एका कुटुंबातली आहे, तरी सांगतो. अरॅबिडॉप्सिसचं सीबीएफ-१ हे थंडीच्या ताणाचं जनुक टोमॅटोत घालून कायम चालू ठेवलं. झाडं थंडीला टिकली, पण खुजी राहिली आणि फळं-बिया घटल्या. पुढच्याच काळात त्याच जनुकापुढे ताण आल्यावरच चालू होणारा प्रवर्तक, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, जोडला, तेव्हा वाढ आणि उत्पादन शाबूत राहून सहनशीलता मिळाली. दोन्ही प्रयोगांत जनुक तेच होतं. बदललं ते कधी चालवायचं, एवढंच.

आता तुमच्या शेतातली फूलगळ.

कळी उघडून पाहिल्याशिवाय हे नीट समजत नाही. शेतातून वेगवेगळ्या आकारांच्या कळ्या आणा. साधारण चार मिलिमीटरच्या आसपासची कळी घ्या, वाणानुसार आकार थोडा इकडेतिकडे होईल. सुईने निदलं आणि पाकळ्यांची घडी बाजूला करा. आत परागकोश फिकट हिरवे, एकमेकांना चिकटून शंकू झालेले दिसतील. एक परागकोश स्लाइडवर ॲसिटोकार्मिन या रंगाच्या थेंबात चिरडला आणि वेळ साधली, तर चार-चार पेशींचे गठ्ठे दिसतात. गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं अर्धसूत्री विभाजन नुकतंच झालं आहे, आणि त्या चारांपैकी प्रत्येकाचा पुढे एक परागकण होणार आहे. परागकोशाच्या आतल्या बाजूला टॅपेटम नावाचा पेशींचा थर असतो, तो या पिल्लांना पोसतो. याच सुमाराला उष्णतेचा तडाखा बसला तर टॅपेटम वेळेआधी किंवा वेड्यावाकड्या पद्धतीने झिजतो आणि परागकण उपाशी राहतात. पुढे, फूल उमलायच्या आधीच्या काही दिवसांत, निरोगी परागकणांत स्टार्च साठतो आणि उमलताना त्याची साखर होते. उष्णतेत हा साठाच नीट होत नाही.

हे नाजूक दिवस फूल उमलण्याच्या साधारण ७ ते १५ दिवस आधी येतात. म्हणून आज गळणाऱ्या फुलाचं कारण आजच्या उन्हात शोधू नका, दहा-बारा दिवसांपूर्वीच्या तापमानाची नोंद काढा. वळवाचा पाऊस पडून गारवा आला, तरी फळधारणा लगेच सुधारत नाही, आठवडा-दीड आठवडा जातो, तो याचमुळे. शेतकरी मधल्या काळात तीन-चार फवारण्या करून मोकळा होतो, आणि नंतर धरलेल्या फळांचं श्रेय शेवटच्या फवारणीला मिळतं. रात्रीचं तापमानही तितकंच बघा. दिवसा ३२ आणि रात्री २६ अंश, एवढ्या मध्यम वाटणाऱ्या उष्णतेतही टोमॅटोची फळधारणा ढासळते, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पानाला अशा तापमानाने काही होत नाही.

ए२चं खरं मोल इथे कळतं. पानात उष्णतेशिवाय न दिसणारं ए२, कोवळ्या परागकोशात मात्र ताण नसतानाही काही प्रमाणात तयार असतं. परागकण घडण्याच्या धोक्याच्या काळात झाड आधीच थोडी तयारी करून ठेवतं. फ्रँकफर्टच्याच गटाने २०१६ मध्ये ए२ दाबलेली टोमॅटोची झाडं तपासली. अर्धसूत्री विभाजन आणि त्यानंतर लगेचच्या टप्प्यावर उष्णता दिली, तर त्यांचे जिवंत परागकण लक्षणीय घटले. परागकण पुढच्या टप्प्यात गेल्यावर तीच उष्णता दिली, तर ए२ असल्या-नसल्याने फरक पडला नाही. म्हणजे ए२ची गरज त्या मोजक्या दिवसांपुरती, त्या एका अवयवात. प्रयोगशाळेत ४५ अंशांना तासभर ठेवून वाचलेल्या रोपावरून तुम्ही याबद्दल काहीच सांगू शकत नाही. रोपाची चाचणी सोपी आहे, थोड्या जागेत होते, आकडे सुरेख येतात, म्हणून लोक तीच करतात. फूलगळीसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे, असं मी स्पष्टच म्हणेन.

जंगली टोमॅटोतून एचएसएफ आणले तर, असं तुम्ही पुढे विचाराल. त्यावर २०२० मध्ये एक फार चांगलं काम झालं. ए२ जनुकाच्या मधल्या, कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्यात म्हणजे इंट्रॉनमध्ये, जंगली जाती आणि लागवडीतला टोमॅटो यांत फरक आहेत. त्यामुळे एकाच जनुकापासून दोन रूपांतली प्रथिनं वेगवेगळ्या प्रमाणात बनतात. जंगली जातींत ताणाच्या सुरुवातीलाच कामाला लागणारं रूप जास्त बनतं. लागवडीतल्या टोमॅटोत, आधी सौम्य उष्णता सोसून मग टिकून राहायला उपयोगी पडणारं रूप जास्त. म्हणजे माणसाने निवड करताना टोमॅटोची एकदम आलेल्या तडाख्याला तोंड द्यायची क्षमता घटली, आणि हळूहळू चढणाऱ्या उष्णतेशी जुळवून घ्यायची क्षमता वाढली. यात जंगली चांगलं आणि आपलं वाईट असं काही नाही. तुमच्या भागात तापमान रोज थोडंथोडं चढत जातं की मार्चअखेरीस एकदम उसळी घेतं, यावर कुठला प्रकार हवा ते ठरेल. पैदासकाराने जंगली जातीकडे धावण्याआधी स्वतःच्या भागाच्या तापमानाचा आलेख समोर ठेवावा.

पाणी, जड धातू, थंडी यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण प्रश्नात 'ताण' असा व्यापक शब्द आहे. चीनमध्ये झालेल्या कामात, दुष्काळी ताणात टोमॅटोचं ए१ए पेशीतला कचरा पचवणारी स्वभक्षणाची यंत्रणा जोरात करतं आणि त्यामुळे झाड तग धरतं, असं दिसलं. कॅडमियमच्या ताणात हेच ए१ए मेलॅटोनिन बनवणारं जनुक चालू करतं. थंडीचा संबंध तर काढणीनंतरच्या फळात दिसतो. पूर्ण वाढलेली हिरवी फळं दोन-तीन दिवस ३८ अंशांत ठेवून मग शीतगृहात २ अंशांना ठेवली, तर त्यांना थंडीची इजा फारच कमी होते आणि बाहेर काढल्यावर ती नीट पिकतात. तशी न तापवलेली फळं डागाळतात, पिकतच नाहीत. उष्णतेने तयार झालेल्या एचएसपी थंडीतही उपयोगी पडतात, असा त्याचा अर्थ. इस्रायलमधल्या संशोधकांनी हे काम केलं. आपल्याकडच्या व्यापारात ते परवडेल का, हा निराळा हिशेब आहे, पण जीवशास्त्र पक्कं आहे.

रोपवाटिकेत रोपं उन्हाला सरावून घेतली तर फूलगळ कमी होईल का, असंही बरेच जण विचारतात. हार्डनिंग करावंच, लागवडीनंतरची मर त्याने कमी होते. पण उष्णतेची ही 'आठवण' झाडात काही दिवसच टिकते. ए२ आपल्या जनुकांच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, खुणा सोडतं, त्यामुळे ती जनुकं दुसऱ्या वेळी लवकर जागी होतात, हे अरॅबिडॉप्सिसमध्ये नीट दाखवलेलं आहे, आणि तिथेही मामला दिवसांचाच आहे. लागवडीनंतर महिनाभराने येणाऱ्या कळीपर्यंत रोपवाटिकेतलं हार्डनिंग पोचत नाही.

घरच्या शेतासाठी माझं म्हणणं साधं आहे. पान घाम गाळून स्वतःला थंड ठेवतं, म्हणजे बाष्पोत्सर्जनाने. पाण्याचा ताण पडला की पर्णरंध्रं मिटतात आणि झाडाचं तापमान हवेपेक्षा वर जातं. म्हणून कळ्या लागल्यापासून ठिबकचं पाणी थोडं-थोडं पण न खंडता द्या. एकदा भरपूर आणि मग चार दिवस कोरडं, असं करू नका. दुपारच्या उन्हाला अडवणारी सावली मिळाली तर परागकोशाला थेट फायदा होतो, पण दाट शेडनेट लावून प्रकाश इतका घटवू नका की झाड नुसतं उंच होत जाईल. आणि लागवडीची तारीख. पहिले दोन-तीन गुच्छ कडक उन्हाच्या आधी धरतील अशी तारीख साधणं, हा आजही सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. 'ताणाची जनुकं जागी करतो' म्हणून बाटलीत विकलं जाणारं काहीही घेण्याआधी एक प्रश्न विचारा: फवारलेल्या आणि न फवारलेल्या ओळींत फळधारणेची टक्केवारी मोजली आहे का? ए१ए कुणी फवारल्याशिवायच रोज दुपारी जागं होतं.

फूलगळीची सगळी कारणं एचएसएफच्या हातात नाहीत, हेही ध्यानात ठेवा. उष्णतेत काही वाणांत स्त्रीकेसराची दांडी परागकोशांच्या शंकूबाहेर डोकावते. मग परागकण धडधाकट असले तरी कुक्षीवर पडत नाहीत. हा दोष झाडात उभं राहून नुसत्या डोळ्यांनी दिसतो, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. वाण निवडताना मी आधी हेच बघतो. परागकणाला पूर्ण बगल देणारी वाटही आहे. २०१७ मध्ये इस्रायली संशोधकांनी एजीएल-६ हे जनुक निकामी केलं तर टोमॅटो परागीभवनाशिवाय, बीविरहित फळ धरू शकतो, हे दाखवलं. परागकण चांगले असले तर तेच झाड बियांचं फळही देतं. उन्हाळी टोमॅटोसाठी मला ही वाट एचएसएफपेक्षा जवळची वाटते.

जनुक संपादनाचं म्हणाल, तर भारतात मार्च २०२२ पासून बाहेरचं जनुक न घालता केलेल्या संपादनाला जीएम पिकांच्या नियमांतून बरीच मोकळीक मिळाली आहे, आणि मे २०२५ मध्ये अशी दोन भाताची वाणं जाहीरही झाली. टोमॅटोत ए२च्या इंट्रॉनमधला नेमका बदल संपादनाने करता येण्यासारखा आहे. पण ज्याची फळधारणा शेतात मोजली नाही, त्याच्यावर पैसा घालू नये. पारंपरिक पैदाशीतही साहित्य आहेच. तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राच्या उष्णता-सहनशील ओळी अनेक देशांत वापरल्या गेल्या, आणि आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा सदाबहार हा वाण रात्रीच्या कमी-जास्त तापमानात फळ धरतो म्हणूनच ओळखला जातो. टोमॅटोचा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातलं पाचवं गुणसूत्र वाचण्याचं काम भारतीय गटाकडे होतं. म्हणजे एचएसएफचे क्रम शोधायला तुम्हाला पदरचं काही घालावं लागत नाही, सगळं खुलं आहे.

प्रबंधाचा विषय अजून ठरला नसेल, तर दोन डझन एचएसएफची यादी करून त्यांची वंशावळ काढू नका. ती कामं भरपूर झाली आहेत. उष्णतेत फळ धरणारा एक वाण आणि न धरणारा एक वाण घ्या, दोन्ही मार्चमध्ये एकाच शेतात लावा. तापमानाची नोंद ठेवणारं छोटं यंत्र कळ्यांच्या उंचीवर, पानांच्या सावलीत बांधा. रोज काही कळ्यांना दोरा बांधून तारीख लिहा. चार मिलिमीटरच्या कळ्यांतले परागकोश दुपारी द्रव नायट्रोजनमध्ये टाकून ठेवा, त्यांत ए१ए, ए२, ए७ आणि बी१ किती आहेत ते मोजा. आरएनए काढताना ए२ची दोन्ही रूपं वेगळी ओळखता येतील असे प्रायमर, म्हणजे मोजायचा क्रम नेमका पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, बनवा, नाहीतर सगळ्यात महत्त्वाची माहितीच निसटेल. दोरा बांधलेल्या उरलेल्या कळ्या उमलू द्या आणि त्यांचे परागकण अलेक्झांडर रंगात पाहा: जिवंत ते किरमिजी, मेलेले हिरवट. शेवटी त्याच गुच्छांवर किती फुलांची फळं झाली ते मोजा. पानांचे नमुनेही घ्या, पण तुलनेपुरते.